माया आणि हिशेब

आपल्या घरांतून स्त्रीच्या कमाईविषयी बोलताना एक शब्द हमखास कानी पडतो : ‘हातभार’. धाकटी सून शिवणकाम करते, जाऊ चवथीच्या दिवसांत नेवऱ्या-लाडवांच्या ऑर्डरी घेते, शेजारची विधवा बाई डबे पुरवून दोन मुलांची शिक्षणे करते. या तिघींचेही वर्णन आपण ‘संसाराला हातभार लावते’ असेच करतो. शब्द कौतुकाचा आहे, यात शंका नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : भार दुसऱ्या कोणाचा आहे, हिने केवळ हात लावला. पहिल्या दोघींविषयी ते कदाचित खरे असेल. तिसरीच्या बाबतीत भारही तिचा आणि हातही तिचा. तरीसुद्धा शब्द बदलत नाही. अमर्त्य सेन यांनी १९९०च्या सुमारास कुटुंबांतर्गत वाटपाविषयी लिहिताना एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. कुटुंबात कोणाच्या वाट्याला काय यावे हे प्रत्यक्षात कोणी किती मिळवले एवढ्यावरच ठरत नाही. कोणी मिळवले असे सगळे मानतात, यावरही ते ठरते. ‘हातभार’ हा शब्द अशा मानण्याचाच एक भाग आहे.

या लेखात आम्हांस जो प्रश्न मांडावयाचा आहे, तो येथूनच सुरू होतो. लहान उद्योग चालविणाऱ्या स्त्रीकडून समाज एकाच वेळी दोन अपेक्षा करतो. तिने बहिणीसारखे, मावशीसारखे वागावे, ही पहिली. आणि तिचा माल चांगला, वेळेवर व स्वस्त असावा, ही दुसरी. पहिली अपेक्षा मायेची, दुसरी व्यवहाराची. या दोहोंत विरोध उभा राहिला की तिने कोणती बाजू धरावी? मायेपोटी हिशेब सोडून देणे हे पुण्य म्हणावे की स्वतःवरचा अन्याय? हिशेबासाठी माया आवरणे ही कठोरता की न्याय? नेतृत्वाची चर्चा आपण सभा-संमेलनांतून पुष्कळ करतो. आम्हांस वाटते, नेतृत्वाचा खरा कस उधारीच्या वहीवर लागतो.

पेडणे आणि डिचोली हे आपले दोन्ही महाल नव्या काबिजादींतले. सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलातून ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचे जीवन जमीन, कुळागरे, देवस्थाने आणि वतने यांभोवती फिरले. या घरांतील स्त्री निष्क्रिय होती असे मुळीच नव्हे. वर्षाचे भात किती लागेल, किती बियाण्याला ठेवावे, पुरुमेंताच्या दिवसांत कोकमाची सोले, मिरची, चिंच, सुकी मासळी किती भरून ठेवावी, गडीमाणसांना काय द्यावे, हे सारे ती ठरवी. आजच्या भाषेत बोलावयाचे तर खरेदी, साठवण आणि वाटप या तिन्ही खात्यांची ती प्रमुख होती. पण कोठीच्या खोलीची किल्ली तिच्या कनवटीला असे आणि दस्तऐवजांच्या पेटीची किल्ली पुरुषाकडे. पहिल्या किल्लीला आपण गृहिणीपद म्हटले, दुसरीला सत्ता.

बाजाराशी मात्र या घरांतील स्त्रीचा संबंध फारसा येऊ दिला गेला नाही. डिचोलीच्या बुधवारच्या वा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी, मासळी, मडकी, अळसांदे, फुले घेऊन बसणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या होत्या. चवथीच्या आदल्या दिवसांत माटोळीसाठी लागणारी रानफळे त्या डोंगरांतून गोळा करून आणीत; आजही आणतात. त्या कष्टकरी समाजांतल्या होत्या, आणि ‘बाजारात बसणे हे आपल्यातल्या बाईचे काम नव्हे’ असे आपल्या माजघरांतून सांगितले जाई. आज आपल्याच घरांतल्या मुली-सुना उद्योगात उतरतात, तेव्हा आपण त्यांना नवी वाट पाडणाऱ्या म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. वाट जुनी आहे. ती ज्यांनी तुडवली त्यांची नोंद आपल्या वंशावळींत आणि स्मरणिकांत नाही, एवढेच. नेतृत्वाचे धडे शोधावयाचे तर आधी त्या पाट्यांपुढे बसलेल्या बायांकडे पाहावयास हवे. पाऊस आला तर माल भिजेल, ऊन वाढले तर सुकेल, संध्याकाळ झाली तर भाव उतरेल, आणि शेवटची बस चुकवून चालणार नाही : असे चार निर्णय त्या दर बाजारी, कोणाला न विचारता घेत आल्या आहेत.

आता उधारीच्या वहीकडे वळू. घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रीचे पहिले गिऱ्हाईक तिचे आप्त आणि शेजारी असतात. ही तिची शक्ती असते आणि तीच तिची अडचणही असते. दुकानदाराकडून साखर घेताना आपण पैसे टाकतो किंवा तो वहीत लिहितो आणि महिनाअखेर मागतो. त्याचे मागणे आपल्याला अपमानास्पद वाटत नाही. वहिनीकडून दोन डझन पापड आणि बाटलीभर मिस्कूट घेताना मात्र ‘देते गो मागाहून, तू काय परकी आहेस?’ असे म्हणून निघून येतो. तिने आठवण केली तर ‘पैशाला फार बघते’ हा शेरा ठरलेला. किंमत सांगितली की घासाघीस करतो, आणि ती करताना आपल्या मनात केवळ उडीद, तेल आणि मीठ यांची किंमत असते. पहाटे चारला उठून पीठ कुटले, उन्हाचा अंदाज घेत दिवसभर अंगणात राखण केली, त्याचा आकडा आपण शून्य धरतो. दुःखाची गोष्ट ही की पुष्कळदा तीही तो शून्यच धरते. कच्च्या मालाच्या किमतीवर थोडे वर धरून ती भाव सांगते आणि त्याला नफा म्हणते. वस्तुतः ती तिची मजुरी असते, आणि पुष्कळ वेळा अपुरी मजुरी.

या अडचणीवर दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे की धंदा तो धंदा. नाती दाराबाहेर ठेवावीत. दुसरे असे की स्त्रीचा उद्योग हा मायेचाच विस्तार आहे, त्याला बाजाराची कोरडी मापे लावू नयेत. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले पाळणे आपल्यासारख्या लहान गावांत अशक्य आहे. जिच्या उद्योगाची पत नात्यांवरच उभी आहे तिला नाती दाराबाहेर ठेवा म्हणणे म्हणजे पायच बाहेर ठेवा म्हणण्यासारखे आहे. दुसरे उत्तर ऐकावयास गोड आहे, पण ते बहुधा मालाचे पैसे थकवणाराच देतो.

पाश्चात्त्य नीतिचिंतनात या प्रश्नाला जवळची अशी एक चर्चा झालेली आहे. कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की नैतिक प्रौढत्व मोजण्याची तोवरची मापे हक्क, नियम आणि निःपक्षपात यांवर बेतलेली होती. नाते टिकविणे, कोणी उघड्यावर पडू नये म्हणून झटणे, हा विचार करणारी माणसे त्या मापांनी उणी ठरत. तिने ही दुसरी दृष्टीही तितकीच प्रौढ आहे असे प्रतिपादले. तिच्यावर टीकाही झाली. ‘काळजी घेणे हाच स्त्रीचा स्वभाव’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती हे आयते शस्त्र येईल, ही त्यांतील प्रमुख. ती टीका आम्हांस रास्त वाटते. पण गिलिगनच्याच विवेचनात एक पुढचा टप्पा आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. जी दुसऱ्यांची काळजी घेते, पण स्वतःला त्या काळजीतून वगळते, तिची नैतिक वाढ अर्धी राहिली, असे तिचे म्हणणे आहे. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर मायेच्या वर्तुळात स्वतःलाही बसवावे लागते, आणि हिशेब हा ते बसविण्याचा मार्ग आहे.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगून भागणार नाही. ते प्रत्यक्ष आचरून दाखविणारे एक उदाहरण आपल्याच मातीतून निघालेल्या स्त्रीने घालून दिले आहे. प्रेमाताई पुरव यांचा जन्म गोव्यातला, १९३५चा. किशोरवयातच त्या गोवा मुक्तिसंग्रामात ओढल्या गेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीच्या कार्यकर्त्या झाल्या. गिरणगावात त्या काळी हजारो कामगार आपले कुटुंब कोकणात, घाटावर किंवा गोव्यात ठेवून एकटे राहत. त्यांच्या जेवणाची सोय करणाऱ्या खाणावळवाल्या म्हणजे चाळीतल्या एका खोलीत पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे असणाऱ्या बायका. कामगार महिन्याच्या पगारावर पैसे देई. तोवर बाई वाण्याकडून उधारीवर धान्य घेई आणि सावकाराकडून व्याजाने पैसे. १९७०च्या दशकातील गिरणी संपात पगार थांबले, तेव्हाही या बायकांनी आपल्या सदस्यांची पाने मांडणे थांबविले नाही. भांडी, दागिने गहाण पडले. संप कामगारांच्या एकजुटीवर चालला, असे इतिहास सांगतो. तो या बायकांच्या उधारीवरही चालला होता, हे प्रेमाताईंनी पाहिले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

येथे आम्हांस एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. खाणावळवालीने उधार दिले ते मायेने. त्याबद्दल तिने व्याज मागितले नाही. पण जगात व्याज कोणी ना कोणी घेतच असतो. तिच्या मायेवरचे व्याज वाण्याने आणि सावकाराने घेतले. म्हणजे जिने उपाशी माणसाला जेवू घातले तिने त्या पुण्याची किंमतही भरली, आणि ज्याने काहीच जोखीम घेतली नाही त्याने लाभ उचलला. अशा वेळी ‘उधार देऊ नकोस’ हा सल्ला व्यवहाराला धरून असला तरी निर्दय होता. ‘देत राहा, देव बघतो आहे’ हा सल्ला धार्मिक असला तरी अन्यायाचा होता. प्रेमाताईंनी दोन्ही सल्ले टाळले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि लहान व्यावसायिकांना कर्ज देणे ही त्या बँकांची जबाबदारी ठरली होती. तारण म्हणून देण्यासारखे या बायकांजवळ काही नव्हते. तेव्हा त्या गटाने पुढे आल्या, एकमेकींना जामीन राहिल्या, आणि बँकेचे कर्ज मिळवून सावकाराच्या पाशातून सुटू लागल्या. मायेला बाधा आली नाही. तिच्या पाठीशी हिशेब उभा राहिला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावच उद्ध्वस्त झाले, तेव्हाही मंडळ टिकले. प्रेमाताईंना २००२ साली ‘पद्मश्री’ मिळाली आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याची ओळख आपल्या शाळांतून किती मुलांना असेल, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

मुंबईतच, गिरगावात, १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास घेतले. ‘लिज्जत’ची ही कथा सर्वश्रुत आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. तिच्यातला एकच धागा आम्हांस हवा आहे. उसने घेतलेली रक्कम त्यांनी फेडली आणि देणग्या घ्यावयाच्या नाहीत असे ठरविले. संस्थेत काम करणारी प्रत्येक स्त्री ‘बहीण’ आणि प्रत्येक बहीण मालकीण. नफा तिचा तसा तोटाही तिचा. ‘बहीण’ हा शब्द आपणही बाजारात वापरतो, पण फुकट घेण्यासाठी. तेथे तो वाटून घेण्यासाठी वापरला गेला. नाते आणि हिशेब एकमेकांचे वैरी नाहीत, याचे याहून सरळ उदाहरण शोधून सापडणार नाही. भावाभावांत वाटणीचे कागद नीट झाले की पुढच्या पिढ्या एकमेकांच्या घरी जेवतात, आणि ते झाले नाहीत की कोर्टात भेटतात, हे आपल्या घराण्यांनी पुरेसे अनुभवलेले आहे.

आता अधिकाराचा प्रश्न. गोव्यातील स्त्रीला कायद्याने बरेच दिले आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खोटे नाही. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून येथे लागू झाली आणि मुक्तीनंतरही चालू राहिली. वेगळा करार नसेल तर विवाहाबरोबर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि पत्नी निम्म्याची मालकीण ठरते. मुलीचा वारसा मुलाच्या बरोबरीचा असतो. उर्वरित भारतातील बहुतेक राज्यांतल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत असा समान वाटा मिळावयास २००५ साल उजाडावे लागले. परंतु याच संहितेने सामाईक मालमत्तेचे व्यवस्थापन पतीच्या हाती ठेवले होते. मालकी निम्मी, कारभार शून्य, अशी ही रचना. विकताना तिची सही लागते. चालविताना तिचे मत लागत नाही. आणि वारशाच्या वेळी भावांच्या नावे हक्क सोडून देणाऱ्या बहिणींची संख्या आपल्या घरांतून कमी नाही. त्यालाही आपण मायाच म्हणतो.

उद्योग सुरू करू पाहणाऱ्या स्त्रीला हे कागद बँकेच्या दारात आठवतात. जमिनीचा उतारा सासऱ्यांच्या नावे, घर एकत्र, वाटणी प्रलंबित. मुंडकाराचे घर असेल तर त्याच्या हक्काचा वेगळा खटाटोप. डिचोली तालुक्यातील मये गावात तर मुक्तीनंतर मूळ मालक निघून गेल्यामुळे स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून जमिनी सरकारी अभिरक्षकाकडे गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराखालची जमीन लोकांच्या नावे नव्हती, आणि तो गुंता सोडविण्यासाठी २०१४ साली विधानसभेला कायदा करावा लागला. तारणाला जागा नाही म्हणजे पत नाही, आणि पत नाही म्हणजे पुन्हा नातेवाइकांपुढे हात. स्त्रीचा उद्योग ‘लहान’ का राहतो, याचे उत्तर तिच्या हिमतीत शोधण्याआधी या कागदांत शोधावे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी याच दारावर थाप मारली होती. माण तालुक्यातील त्या दुष्काळी गावी चेतना गाला-सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढावयाचे ठरविले. प्रवर्तक सभासदांत अंगठा उठविणाऱ्या पुष्कळ असल्यामुळे रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका काही महिने अक्षरे गिरवून परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हांला व्याजाचे गणित घाला, आम्ही यंत्राशिवाय तोंडी करून दाखवितो. १९९७ साली परवाना मिळाला. वाचता न येणे म्हणजे हिशेब न येणे नव्हे, हे त्यांना अधिकाऱ्यांपेक्षा आधी ठाऊक होते. पण नुसते रागावून त्या घरी बसल्या नाहीत. अटीतला जो भाग रास्त होता तो त्यांनी पुरा केला आणि जो अपमानाचा होता तो व्याजाच्या गणिताने परतवून लावला. आमच्या मते या एका प्रसंगात नेतृत्वाचा मोठा धडा आहे.

येथवरचे विवेचन वाचून कोणी आक्षेप घेईल की आम्ही या मार्गाची उजळ बाजूच तेवढी दाखवीत आहोत. आक्षेप योग्य आहे. एकमेकींना जामीन राहणे ही गोष्ट दुधारी आहे. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला आणि देशभर गट उभे राहिले. त्यांनी असंख्य स्त्रियांना पहिल्यांदा बँकेचे दार दाखविले. पण त्याच जामीनकीचा वापर नफेखोर सूक्ष्मवित्त कंपन्यांनी वसुलीचे हत्यार म्हणून केला, तेव्हा शेजारीणच शेजारणीच्या दारात तगाद्याला उभी राहिली. आंध्र प्रदेशात कर्जबाजारी कुटुंबांतील आत्महत्यांनंतर २०१० साली राज्य सरकारला वटहुकूम काढून या कंपन्यांना आवर घालावा लागला. माया ज्या दोरीने बांधते त्याच दोरीने गळा आवळता येतो, हे तेथे दिसले. म्हणून हिशेब हवा याचा अर्थ कोणताही हिशेब चालेल असा नाही. तो कोणाच्या फायद्यासाठी मांडला आहे आणि तो मांडण्यात कर्जदार स्त्रीचा आवाज आहे की नाही, हे विचारावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे. उद्योग करणाऱ्या स्त्रीचे घरकाम कमी होते काय? बहुतेक घरांत होत नाही. डबे भरून झाल्यावर घरच्या माणसांची पाने ती मांडतेच. मग तिच्या स्वावलंबनाचे गोडवे गाणे म्हणजे एका बैलाला दोन नांगर जोडून त्याच्या ताकदीची स्तुती करण्यासारखे नाही काय? यावर उद्योग करू नये असे उत्तर निघत नाही. घरकामाची वही कोणीतरी उघडली पाहिजे, असे निघते. ती वही स्त्रीने उघडली की घरात वादळ होते. पुरुषाने उघडली तर संवाद होऊ शकतो. नेतृत्वाची अपेक्षा नेहमी तिच्याकडूनच का करावी?

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती बोलावयास सर्वांत अवघड आहे. उद्योग थोडा वाढला की स्त्री मदतीला दुसऱ्या स्त्रिया घेते. चवथीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत त्यांना रात्री उशिरापर्यंत बसविते. त्यांना काय देते? ‘घरच्यासारख्याच आहेत, जेवण-चहा आमच्याकडेच असतो’ हे वाक्य आता तिच्या तोंडून येते. जी माया तिच्याकडून फुकट घेतली गेली, तीच ती आता दुसरीकडून फुकट घेऊ लागते. येथे तिची परीक्षा असते. आपल्यावर झालेला अन्याय ओळखणे ही जागृती झाली. तो आपल्या हातून दुसऱ्यावर होऊ न देणे, हे आम्ही नेतृत्व म्हणू. जिने आपल्या श्रमाचा आकडा शून्य धरला नाही आणि हाताखालच्या मुलीच्या श्रमाचाही धरला नाही, तिचा उद्योग पाच माणसांचा असला तरी मोठा आहे.

हे सारे आज अधिक निकडीचे झाले आहे, कारण दोन्ही तालुक्यांच्या पायाखालची जमीन हलते आहे. डिचोलीत खाणींनी काही दशके पैसा आणला. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्यंतरी मर्यादित स्वरूपात सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. अंगणांत ट्रक उभे राहिले आणि हप्ते चालू राहिले. त्या काळात अनेक घरांत शिलाई यंत्रावर, जेवणाच्या डब्यांवर, मसाल्यांच्या पुड्यांवर चूल पेटती राहिली. काल ज्याला हातभार म्हणत होतो तोच आधारस्तंभ निघाला. २०२२च्या अखेरीस डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला. खाणीचे दिवस पूर्ववत आले की घरातल्या निर्णयांचे दिवसही पूर्ववत होणार काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. पेडण्यात दिशा वेगळी. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. मोरजी, हरमल, मांद्रे येथे पर्यटन आधीच पोहोचले होते. हरमलच्या मिरचीला आणि गोव्याच्या खाज्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परगावचा माणूस आता आपल्या अंगणातल्या वस्तूला चांगला भाव देण्यास तयार आहे. तो भाव मिरची पिकविणाऱ्या, वाळविणाऱ्या बाईच्या हाती पोहोचणार की मध्येच कोठे थांबणार, हे तिला हिशेब मांडता येतो की नाही आणि तो मांडण्याचा अधिकार आपण तिला देतो की नाही, यावर अवलंबून आहे.

उद्योग वाढविलाच पाहिजे, असा मात्र आमचा आग्रह नाही. ‘मोठे व्हा’ हा उपदेश आजकाल सर्वत्र ऐकू येतो. आपल्याला झेपेल तेवढेच काम घ्यावे, हातच्या चवीला बाधा येऊ देऊ नये, संध्याकाळ आपली राखावी, असे एखादीने विचारपूर्वक ठरविले तर ते दुबळेपण नव्हे. ते ठरविणारी ती स्वतः असावी, एवढेच. तारण नाही, परवानगी नाही, वेळ नाही म्हणून लहान राहिलेला उद्योग आणि स्वेच्छेने लहान ठेवलेला उद्योग बाहेरून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक स्वातंत्र्याचा आहे.

पेडण्यात जन्मलेल्या शशिकलाताई काकोडकर डिचोली मतदारसंघातून विधानसभेत गेल्या आणि १९७३ ते १९७९ या काळात गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री होत्या. म्हणजे आपल्या या दोन तालुक्यांना स्त्रीचे नेतृत्व नवीन नाही. राज्याच्या पातळीवर ते आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले. घराच्या उंबऱ्याच्या आत ते मान्य करणे मात्र अजून जड जाते. कदाचित याचे कारण असे की मुख्यमंत्र्याच्या नेतृत्वाने आपल्याला काही सोडावे लागत नाही. सुनेच्या नेतृत्वाने दस्तऐवजांच्या पेटीची किल्ली द्यावी लागते.

उद्योजक स्त्रियांनी काय शिकावे, हे सांगणारे मेळावे पुष्कळ होतात. आम्ही हा लेख गिऱ्हाइकांसाठी, भावांसाठी, सासऱ्यांसाठी आणि पतींसाठीही लिहिला आहे. ज्याच्या अंगावर जोखीम त्याच्या हाती निर्णय असावा, हे न्यायाचे साधे सूत्र आहे, आणि आपण ते शेतीत, देवस्थानात, राजकारणात मोठ्या आवाजात मांडतो. तेच सूत्र माजघरात आणावयाचे तर आरंभ लहान गोष्टींनी करता येईल. सांगितलेला भाव घासाघीस न करता द्यावा, आणि त्याच दिवशी द्यावा. बँकेच्या कागदावर जामीन म्हणून सही करण्याची वेळ आली तर मागे सरू नये. वाटणीच्या वेळी बहिणीने हक्क सोडला नाही तर तिचे माहेर तोडू नये. आणि कोणी विचारले की तुमची सून काय करते, तर ‘हातभार लावते’ असे न म्हणता तिच्या उद्योगाचे नाव सांगावे.